नावे काढून घ्यावीत

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या एका तालमीची दर्शनी भिंत रातोरात कोरी झाली. आदल्या दुपारपर्यंत तिच्यावर निळ्या ऑईलपेंटनं लिहिलेली ४१ नावं होती. तालमीची इमारत ज्यांच्या जिवावर उभी राहिली ती ही माणसं. कुणी रोख दिलेली, कुणी विटा पाठवलेल्या, एकानं तर हौद्यासाठी तांबडी माती आणि तिच्यात कालवायला हळद, ताक, लिंबं असं सगळं पुरवलेलं. सकाळी जोर मारायला आलेल्या पोरांना काही वेगळं जाणवलंच नाही. भिंत स्वच्छ होती, डिस्टेंपरचा वास येत होता, दिवाळी तोंडावर होती. दूध घालायला आलेल्या माणसानं पहिल्यांदा विचारलं, "नावं कुठं गेली गा?"

तालमीचं नाव इथं लिहीत नाही, माणसांचीही नाही. पेठेत सगळ्यांना माहीत आहे आणि पेठेबाहेर कुणाला त्याची गरज नाही.

माझा संबंध आला तो धंद्यामुळं. मी छापखान्यात प्रूफं तपासतो, सत्तावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, यात्रेची हँडबिलं, जे येईल ते. संध्याकाळी तालमीचे चिटणीस ठरावबुक काखेत मारून आले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळी पेठ त्यांना गुरुजी म्हणते. बुक टेबलावर आपटून म्हणाले, "वाचा. आणि सांगा, यात पुसा असं कुठं लिहिलंय?"

कागद

ठराव असा होता:

"ठराव क्र. ७. दर्शनी भिंतीवरील देणगीदारांची नावे जीर्ण झाली असल्याने ती दिवाळीपूर्वी पेंटरकडून काढून घ्यावीत. त्याकामी रु. ४५०० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू फुटलं. गुरुजींना ते आवडलं नाही.

'काढून घ्यावीत' च्या जागी 'रंगवून घ्यावीत' ठेवून बघा. चोख बसतं. नावं जीर्ण झाली म्हणून दिवाळीच्या आत पेंटरकडून रंगवून घ्यायची. आता तिथंच 'पुसून घ्यावीत' ठेवा. तितकंच चोख. नावं जीर्ण झाली म्हणून पुसून टाकायची. कारण तेच, मुदत तीच, माणूस तोच, काम मात्र बरोबर उलटं. चुकीची वाक्यं बघण्यातच माझा जन्म गेला, पण दोन्ही बाजूंनी इतकं गुळगुळीत बसणारं वाक्य मुद्दाम लिहायचं म्हटलं तरी जमायचं नाही.

एकच गोष्ट फितूर होती, ती म्हणजे रक्कम. एका नावाला १०० रुपये धरले तर ४१ नावांचे ४१०० होतात, वर रंगाचं किरकोळ. हा हिशेब लिहिण्याचाच आहे. भिंत खरवडून एक हात मारायला ४५०० कुणी मंजूर करत नाही. पण पेंटरला ही रक्कम दिसलीच नव्हती. गुरुजींच्या पुतण्यानं ठरावाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना खर्चाचं वाक्य कापून टाकलं होतं. आपलं बजेट आधीच कळलं तर पेंटर तेवढंच सांगणार, हा त्याचा हिशेब. हुशारी म्हणून ठीक होती.

फोन

दुसऱ्या दिवशी पेंटरमामांना गाठलं. साठीच्या आसपासचा माणूस. दुकान असं नाही, एक सायकल आणि हँडलला अडकवलेले डबे. फ्लेक्स आल्यापासून कोल्हापुरात हातानं अक्षर लिहिणारे किती उरलेत ते बोटांवर मोजावं लागेल, आणि हे त्याच गावात, जिथं 'पेंटर' हे माणसाचं नावच होऊन बसायचं. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले, पुढं १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला तरी पेंटरच राहिले. ('सैरंध्री' काढला, असं मी सहज लिहून गेलो. पुढं या शब्दाकडं यायचंच आहे.)

मामा शांत होते. रागापेक्षा अपमान जास्त वाटत होता. म्हणाले, "मी इचारलो की फोनवर. गुरुजी काढा म्हणाले. सगळी म्हणाले. मग मी काढलो."

फोनवर झालेलं बोलणं दोघांनीही मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते शब्दाशब्दानं जुळलं. म्हणून ते जसंच्या तसं देतो.

"गुरुजी, ती भिंतीवरली नावं काढायची न्हवं?"

"होय मामा, काढा."

"सगळी?"

"सगळी. एकपण ऱ्हायला नको."

हे बोलणं मी कितीदा तरी मनात फिरवलं. मामांनी हयगय केली असं म्हणता येत नाही, त्यांनी काम सुरू करण्याआधी विचारलं. गुरुजींनी उत्तर टाळलं असंही नाही. पण ज्या शब्दाबद्दल शंका घ्यायला हवी होती, त्याच शब्दात प्रश्न विचारला गेला आणि त्याच शब्दात उत्तर आलं. अशा चौकशीनं काहीच तपासलं जात नाही. दोघांनाही फक्त वाटतं, की तपासलं. आणि शेवटचं वाक्य तर कळसच. 'एकपण राहायला नको'. एकही वगळलं जाऊ नये, की एकही शिल्लक दिसू नये? 'राहिलं' हाही तसाच दुतोंडी. 'ताटात भात राहिला' म्हणजे आहे, 'पत्रिकेत मामांचं नाव राहिलं' म्हणजे नाही. पहिल्या घोटाळ्यावर दुसरा घोटाळा शिक्का मारून गेला.

मी मामांना विचारलं, देणगीदारांची नावं पुसायला सांगतील असं वाटलं तरी कसं? त्यांचं उत्तर मला बिनतोड वाटलं. "आता सगळीकडं ग्रॅनाईट बसवत्यात. देवळात बघा, शाळंत बघा. मशिनवर कोरून आणायचं, चार खिळं ठोकायचं. म्हटलं, हितंबी तेच. भिंत मोकळी करून मागालेत."

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या डोक्यातलं प्रकरण उलगडलं. "आमच्यात नाव *लिवत्यात*. चित्र *काढत्यात*. नाव काढा म्हटल्यावर मी काय समजायचं?"

तीन धंदे, एक शब्द

गुरुजींनी पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं. त्यांच्या तोंडी 'काढा' म्हणजे काय? पाटीवर 'ग' काढ. अक्षर वळणदार काढ. दहा वेळा काढून दाखव. शाळेत अक्षर 'काढतात', आणि खोडायचं असेल तर 'पुसतात'. गुरुजींना नाव म्हणजे अक्षरं आणि अक्षरं म्हणजे काढायची वस्तू. ठराव लिहिताना त्यांच्या मनात दुसरा अर्थ फिरकलासुद्धा नसणार, आणि नाहीच फिरकला.

पेंटरच्या धंद्यात चित्र काढतात, अक्षर लिहितात. आधीच्या नावावर 'काढ' म्हटलं की पत्रा आणि पॉलिशपेपर हातात घ्यायचा.

माझ्या धंद्यात तर दोन्ही नांदतात. 'तिसरी ओळ काढा' म्हणजे उडवा. 'शंभर प्रती काढा' म्हणजे छापा. नवा पोरगा लागला की पहिल्या महिन्यात एकदा तरी गोंधळतो. एकानं 'हजारातल्या शंभर प्रती काढ' म्हटल्यावर बाजूला काढून ठेवण्याऐवजी आणखी शंभर छापल्या होत्या. मालकांनी त्याच्या पगारातून कापले नाहीत, हे त्याचं नशीब.

एकाच गावातली, एकाच गल्लीतली तीन माणसं, तिघांचं मराठी उत्तम, आणि तिघांचा 'काढा' वेगळा. तोंडानं बोलताना आपण कुणाशी बोलतोय हे समोर दिसतं, बोट भिंतीकडं असतं, हातात ब्रश असतो किंवा पत्रा असतो. त्या भिंतीसमोर दोघं उभे असते तर हे प्रकरण पाच सेकंदात मिटलं असतं.

ठरावाच्या भाषेनं नेमकं हे सगळं गाळून टाकलं. गुरुजी तोंडानं बोलले असते तर म्हणाले असते, "नावं पुसट झालीत, परत एकदा नीट काढून घ्या." त्यातला 'परत एकदा' लिहिताना गेला, कारण ठरावात तो बोलभाषेतला वाटला असता. 'पुसट' चं 'जीर्ण' झालं. नावं पुसट झाली म्हटलं की ठळक करायची असं आपसूक कळतं, जीर्ण झाली म्हटलं की मोडीत काढायची असं वाटायला लागतं. (मोडीत *काढायची*. हा शब्द माझी पाठ सोडत नाही.) शुद्ध, भारदस्त मराठीचा हा हव्यास मी रोज प्रुफात बघतो आणि मुकाट्यानं पुढं सरकवतो, कारण गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. इथं त्याची किंमत दिसली.

शब्दाच्या पोटात

काढणे हा मूळचा ओढण्याचा शब्द. प्राकृतात 'कड्ढइ', म्हणजे ओढतो, खेचतो. ओढून बाहेर आणलं की झालं काढणं. पण बाहेर आणल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. जी वस्तू जागेवर होती ती जागेवरून गेली: काटा काढला, दात काढला, अतिक्रमण काढलं. किंवा जी कुठंच दिसत नव्हती ती दिसायला लागली: चित्र काढलं, रांगोळी काढली, विषय काढला, आवाज काढला. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढत गेले. आजवर एकाही कोल्हापूरकराला ती बंद केली असं वाटलेलं नाही. आणि महापालिकेनं रस्त्यावरची खोकी काढली म्हटलं तर नवी खोकी घातली असंही कुणाला वाटत नाही.

इंग्रजीतला 'ड्रॉ' याच वाटेनं गेलाय. मूळ ओढणं, मग रेघ ओढणं, मग चित्र. पडदा 'ड्रॉ' करा म्हटलं तर उघडायचा की लावायचा हे त्यांनाही उजेड बघूनच ठरवावं लागतं. आपल्याकडंही 'पडदा ओढ' म्हटल्यावर पोरगं आधी खिडकीकडं बघतं.

संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीनं 'वाक्यपदीय' या ग्रंथात कर्माचे तीन प्रकार केले आहेत: निर्वर्त्य, विकार्य आणि प्राप्य. निर्वर्त्य म्हणजे जे त्या क्रियेनंच निर्माण होतं, जसा घडवलेला घडा. विकार्य म्हणजे जे आधीच होतं आणि क्रियेनं ज्याची दशा बदलली, जसं जाळलेलं लाकूड. आमचं भांडण इतकंच होतं, की 'नावे' हे कर्म यातलं कुठलं. गुरुजींच्या मते नावं निर्वर्त्य, पेंटर ती घडवणार. मामांच्या मते विकार्य, ती आहेतच, आता त्यांचं काहीतरी करायचंय.

व्याकरणाचा कौल कुणाच्या बाजूनं पडतो? मी गुरुजींना तेव्हाच सांगितलं, थोडा मामांच्या बाजूनं. सगळा खेळ एका प्रत्ययाचा आहे. 'भिंतीवर नावे काढावीत' असं असतं तर भिंत ही नावं यायची जागा झाली असती, आणि पुसण्याचा अर्थच निघाला नसता. 'भिंतीवरून' असतं तर उलट पक्कं झालं असतं. पण ठरावात आहे 'भिंतीवरील'. म्हणजे जी नावं भिंतीवर आहेतच ती. जे आहेच ते नव्यानं कसं काढणार? ते काढून टाकताच येतं. 'नव्याने' किंवा 'पुन्हा' असा एक शब्द सोबतीला असता तर 'वरील' ची ही ओढ मोडली असती. 'पेंटरकडून काढून घ्यावीत' हा भाग मात्र गुरुजींच्या बाजूचा, फोटोग्राफरकडून फोटो काढून घ्यावा तसा.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे 'वरील' नं घात केला." मास्तर माणूस, चूक कुठं आहे ते कळल्यावर निम्मा राग गेला.

जाता जाता

असे शब्द मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही, पण ते सगळे एका जातीचे नाहीत. आखाड्यात कुस्ती 'सुटली' म्हणजे बरोबरीत सोडवली, निकाल लागलाच नाही. घरात प्रश्न 'सुटला' म्हणजे निकाल लागला. परीक्षेहून आलेला पोरगा "दोन प्रश्न सुटले" म्हणाला तर पुन्हा उलटं, त्यानं ते लिहिलेच नाहीत. इथं कुणाचा डाव नाही, शब्द आपल्या वाटेनं चालत गेला आणि फाटा फुटला.

'वाढवणे' ची गोष्ट निराळी. नारळ वाढवतात म्हणजे फोडतात, बांगडी वाढली म्हणजे फुटली. इथं उलटा अर्थ मुद्दाम घातलाय, फुटणं हा शब्द शुभकार्यात तोंडात येऊ नये म्हणून. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, तेही असंच. माझी उचगावची आत्या जाताना दारातून म्हणते, "चला, येतो मी." बाहेरगावच्या माझ्या बायकोला पहिल्या वर्षी हे वाक्य दोन्ही टोकांनी चुकलेलं वाटायचं. बाई असून 'येतो', आणि जाताना 'येतो'. कोल्हापुरात दोन्ही बरोबर.

आणि 'परवा'. होऊन गेलेला आणि यायचा, दोन्ही दिवस एकाच नावाचे, तरी कुणी फसत नाही. 'परवा आलो' आणि 'परवा येतो' यात क्रियापद पहारा देत उभं असतं. 'काढा' या आज्ञेला असा पहारेकरी नव्हता.

ही काही मराठीची खोड नव्हे. अमरकोशात 'आरात्' या अव्ययाचा अर्थच 'आराद् दूरसमीपयोः' असा दिलाय, म्हणजे लांब आणि जवळ. अरबी व्याकरणकारांनी असल्या शब्दांना 'अज़्दाद' नाव दिलं आणि त्यांचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. इंग्रजीत 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंध. आमच्या ठरावाचा सख्खा भाऊ मात्र १९४१ च्या डिसेंबरातला. वॉशिंग्टनला ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी बसले होते. ब्रिटिशांना एक कागद तातडीनं चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, 'टेबल' करू. अमेरिकन इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला टाकून विसरून जाणं. बराच वेळ, चांगलं कडाक्याचं वाजलं आणि मग कळलं, की दोघांना एकच हवं होतं. चर्चिलनं हे स्वतः लिहून ठेवलंय. गुरुजींना हा किस्सा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

सभा

रविवारी तातडीची सभा झाली. मला 'जाणकार' म्हणून बोलावलं होतं. जाणकाराला एक कटवडा आणि चहा मिळाला.

वातावरण तापलेलंच होतं. ४१ पैकी पंधरा-वीस घरची माणसं आली होती आणि त्यातल्या काहींना यात काळंबेरं दिसत होतं. मागं कधीतरी वर्गणीवरून झालेली भांडणं वर आली. एक तरुण उभा राहिला. त्याचे आजोबा इथलेच, नावाजलेले मल्ल. तो म्हणाला, "आमच्या आजोबांनी तालमीचं नाव काढलं, आणि तालमीनं आजोबांचं नाव काढलं!"

सगळी तालीम एकदम शांत झाली. वाक्य सगळ्यांना लागलं. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीनं थक्क झालो होतो. एका वाक्यात तोच शब्द दोनदा, दोन्हीकडं 'नाव काढलं', आणि दोन्ही अर्थ उलटे. तरी साठ-सत्तर माणसांत एकालाही समजायला क्षण लागला नाही. माझी सगळी मांडणी त्यानं एका दमात करून टाकली. मी उठून बोललो ते त्याच्यापुढं पाणचटच झालं.

नंतर एक ऊसवाले आबा बोलले. "उचल म्हटलं तर आमी इचारतोच की, कुणाची. टोळीची उचल म्हंजे अंगावरचं देणं, आमची उचल म्हंजे कारखान्याकडनं यायचं पैसं. शबुद एकच. मग हितं का न्हाई इचारलं?" त्यांचं म्हणणं खरं आहे. हंगामाआधी मुकादमाकडून तोडणीवाल्यानं घेतलेली उचल पुढं फेडत बसावी लागते. शेतकऱ्याची पहिली उचल त्याला घ्यायची असते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल दिलं नाही तर वर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. पण 'उचल' ला सगळे सावध असतात, कारण तिथं पैसा आहे आणि दोन्ही अर्थ रोज समोरासमोर येतात. 'काढणे' इतका घरगुती, की त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

शेवटी ठरलं ते असं. पुसण्याची मजुरी मामांना द्यायची, कारण त्यांनी सांगितलेलं काम केलं. लिहिण्याचे ४१०० वेगळे. पुसण्याचे पैसे गुरुजी पदरचे देतो म्हणाले, सभेनं ते मानलं नाही. आणि नवा ठराव लिहायला माझ्याकडं दिला. मी लिहिलं: "देणगीदारांची सर्व ४१ नावे पूर्वीच्याच जागी व पूर्वीच्याच क्रमाने ऑईलपेंटने नव्याने लिहून घ्यावीत." कुणीतरी 'लिहून' ऐवजी 'रेखाटून' करा, भारदस्त वाटेल, असं सुचवलं. गुरुजींनीच त्याला खाली बसवलं.

भिंत

आता नावं आणायची कुठून? देणगीची पावतीपुस्तकं २००५ च्या पुरात भिजून गेलेली. शिवजयंतीचा एक फोटो सापडला, त्यात ३३ नावं वाचता येत होती. बाकीची ८ कमानीच्या झेंडूमागं गेलेली.

त्यावर उपाय मामांनीच सांगितला. सोमवारी रात्री तालमीतले दिवे घालवले आणि भिंतीला गाल लावल्यासारखी बॅटरी आडवी धरली. ऑईलपेंटचा थर डिस्टेंपरपेक्षा जाड. वरून पॉलिशपेपर मारला, पांढरा हात दिला, तरी अक्षरांच्या कडा उंचवट्यासारख्या उरतात. समोरून बघितलं तर काही नाही. आडव्या उजेडात एकेका अक्षराची बारीक सावली पडायला लागली. आधी शिरोरेघा, मग काने. मामा एका हातानं बॅटरी सरकवत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट कडेवरून फिरवत अक्षर सांगत होते, मी वहीत लिहून घेत होतो. मधेच म्हणाले, "हा *ळ* आमच्या बाचा हाय. ते खालचा फाटा आत वळवायचे." तेव्हा कळलं, की ही नावं त्यांच्या वडिलांनी लिहिलेली. मामांनी हे सभेत सांगितलं नव्हतं.

आठच्या आठ नावं मिळाली. दुसऱ्या रांगेत, खालून तिसऱ्या नावाजवळ मामांचं बोट थांबलं. त्या नावाखाली आणखी एक नाव होतं. जुनं, बारीक अक्षरातलं, कधीतरी घासून वर दुसरं लिहिलेलं. आडनाव वाचता येत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी ते वहीत लिहिलं नाही.

त्याच रात्री मामांचा मेसेज आला: "परवा येतो. लिवायला."

आले. सुतळी गेरूत बुडवून रेघा मारल्या, हात टेकायला काठी धरली आणि दोन दिवसांत ४१ नावं उभी केली. *ळ* चा फाटा आत वळवला. गुरुजींनी यादी हातात घेऊन एकेका नावावर बरोबरची खूण केली, मोठ्यानं मोजली, ४१ भरली. समाधानानं यादीची घडी घातली आणि खिशात टाकली.

मामा डबे आवरत होते. दुसऱ्या रांगेकडं एकदा बघून हळूच, मला ऐकू येईल इतकंच म्हणाले, "एक ऱ्हायलं बगा."